पहिले पुस्तक दुसऱ्या बेटावर, दुसऱ्या भाषेत : एमे सेझेर यांच्या दीर्घकवितेचे हवाना प्रकरण

एमे सेझेर यांची ‘मायभूमीकडे परतण्याची वही’ ही दीर्घकविता विसाव्या शतकातील फ्रेंच काव्याचा विचार करताना आता कोणालाही टाळता येत नाही. मार्तिनिक या कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या कवीची ही कविता पॅरिसच्या ‘वोलोंते’ या नियतकालिकाच्या विसाव्या अंकात, ऑगस्ट १९३९ मध्ये, प्रथम छापली गेली. पुढच्याच महिन्यात युद्धाला तोंड फुटले आणि कवितेची दखल घ्यायला पॅरिसमध्ये कोणाला सवड उरली नाही. पुस्तकरूपाने ती सर्वप्रथम १९४३ साली निघाली, पण पॅरिसमध्ये नाही आणि फ्रेंचमध्येही नाही. ते पुस्तक क्युबातील हवाना शहरात, स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध झाले. भाषांतर लिदिया काब्रेरा यांचे होते, चित्रे विफ्रेदो लाम यांची आणि प्रस्तावना फ्रेंच कवी बँझामँ पेरे यांची. मूळ फ्रेंच कवितेला स्वतंत्र पुस्तकाचे रूप मिळायला १९४७ साल उजाडावे लागले.

आधी मूळ पुस्तक आणि मग त्याची भाषांतरे, हा साहित्यव्यवहाराचा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला. हा केवळ युद्धकाळातील योगायोग होता, की ज्या माणसांच्या हातांतून ही कविता गेली त्यांच्या घडणीतच अशा उलट्या क्रमाची शक्यता होती, हे तपासणे हा या प्रकरण अभ्यासाचा हेतू आहे. माझ्या मते दुसरे कारण अधिक वजनाचे आहे. ही हकीगत नेहमी ज्या पद्धतीने सांगितली जाते, त्या पद्धतीत नेमके तेच झाकले जाते.

कवितेची पार्श्वभूमी

सेझेर यांचा जन्म १९१३ साली मार्तिनिकच्या उत्तरेकडील बास-प्वांत या गावी झाला. उसाच्या मळ्यांचा हा मुलूख. गुलामी कायद्याने संपल्यानंतर, १८५३ पासून, या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत बहुसंख्य तमिळ होते आणि बास-प्वांत व आसपासच्या भागात त्यांच्या वंशजांची वस्ती आजही आहे. आपण कोणाकोणाची दुःखे आपली मानतो हे सांगताना कवितेचा निवेदक ज्यू, काफिर (दक्षिण आफ्रिकेतला कृष्णवर्णीय) आणि मतदानाचा हक्क नसलेला, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला माणूस यांच्याबरोबर ‘कलकत्त्याचा हिंदू माणूस’ही होऊ पाहतो. मराठी वाचक या ओळीपाशी थबकला तर नवल नाही. कवीने हा उल्लेख दूरच्या देशाचे नाव म्हणून शोभेसाठी केला असावा असे समजणे मात्र चुकीचे ठरेल, कारण त्याच्या जन्मगावात ती माणसे होती.

१९३१ साली शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेलेल्या सेझेर यांची तेथे सेनेगलच्या लेओपोल्द सेंघोर यांच्याशी मैत्री झाली आणि पुढे ‘नेग्रित्यूद’ या नावाने ओळखला गेलेला, कृष्णवर्णीय असण्याचा अभिमानाने स्वीकार करणारा विचार या मैत्रीतून आकाराला आला. कवितेची सुरुवात मात्र पॅरिसमध्ये झाली नाही. १९३५ च्या उन्हाळ्यात क्रोएशियन मित्र पेतार गुबेरिना यांच्या निमंत्रणावरून सेझेर एड्रियाटिक किनाऱ्यावरील शिबेनिक येथे गेले होते. तेथे, परक्या समुद्राकाठी, त्यांनी आपल्या बेटावरच्या कवितेला हात घातला. पुढची चार वर्षे लेखन चालू राहिले. १९३९ मध्ये कविता छापून येईपर्यंत सेझेर पत्नी सुझान आणि लहान मुलासह मार्तिनिकला परतण्याच्या तयारीत होते. परतल्यावर बेटाची राजधानी फोर-द-फ्रान्स येथील लीसे शोल्शेर या शाळेत ते शिक्षक म्हणून रुजू झाले.

युद्धातील बेट

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि मार्तिनिकचा कारभार जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारशी निष्ठा राखणाऱ्या अॅडमिरल रोबेर यांच्याकडे गेला. फ्रेंच आरमाराची जहाजे बंदरात अडकून पडली. त्यांवरचे गोरे खलाशी शहरात वावरू लागले तसा आजवर सभ्यतेच्या आवरणाखाली असलेला वर्णद्वेष उघडपणे दिसू लागला. अमेरिकेने बेटाची कोंडी केली आणि अन्नधान्याची टंचाई झाली. पॅरिसशी संपर्क जवळजवळ तुटला. अशा परिस्थितीत एप्रिल १९४१ मध्ये एमे व सुझान सेझेर, रने मेनिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘त्रोपीक’ या नियतकालिकाचा पहिला अंक काढला. सेन्सॉरच्या नजरेत ते साहित्य आणि लोकसंस्कृतीचे निरुपद्रवी पत्र होते. त्यात बेटावरच्या वनस्पती होत्या, लोककथा होत्या, लोत्रेआमों आणि मालार्मे या फ्रेंच कवींवरची टिपणे होती. आणि हे सारे वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातला अर्थ बरोबर कळत होता.

सेन्सॉरला तो कळायला दोन वर्षे लागली. मे १९४३ मध्ये माहिती खात्याचे प्रमुख लेफ्टनंट बेल यांनी पत्र पाठवून पुढच्या अंकासाठी कागद नाकारला. नियतकालिक क्रांतिकारी, वर्णवादी आणि पंथवादी असल्याचा ठपका त्यांनी ठेवला होता. संपादकांनी दोनच दिवसांत उत्तर पाठवले. एकेक आरोप घेऊन त्यांनी तो मान्य केला आणि प्रत्येकापुढे आपला पूर्वज उभा केला. वर्णवादी म्हणता, तर तूसँ लूव्हेर्त्यूर, क्लॉड मॅके आणि लँग्स्टन ह्यूज यांच्या अर्थाने आम्ही तसे आहोत, ज्यूद्वेष्टे फ्रेंच लेखक द्र्युमों आणि हिटलर यांच्या अर्थाने नव्हे, असा त्यातील एका मुद्द्याचा आशय आहे. या यादीतील एक नाव हैतीचे, एक जमैकात जन्मून हार्लेममध्ये नावाजलेले आणि एक अमेरिकेचे आहे. फ्रेंच अधिकाऱ्याला उत्तर देताना त्यांनी एकाही फ्रेंच लेखकाची साक्ष काढलेली नाही, असे मात्र नव्हे. उत्तरात रासीन आणि झोलाही येतात. पण वर्णाचा प्रश्न आला तेव्हा आधार शेजारच्या बेटांचा आणि समुद्रापलीकडच्या कृष्णवर्णीयांचा घेतला गेला. मुंबईच्या अनियतकालिकांचा काळ आठवणाऱ्या वाचकाला तुटपुंज्या साधनांतून आलेला हा ताठा ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की येथे समोर लष्करी प्रशासन होते.

जहाज आणि ती रिबिनीची गोष्ट

मार्च १९४१ च्या अखेरीस ‘कापितेन पोल-लमेर्ल’ हे जहाज मार्सेयहून निघाले. नाझींपासून आणि विशी सरकारपासून जीव वाचवून निघालेली सुमारे साडेतीनशे माणसे त्यात कोंबलेली होती. त्यांत स्वप्न आणि अबोध मन यांना कलेत अग्रस्थान देणाऱ्या अतिवास्तववादाचे प्रवर्तक आंद्रे ब्रतों, त्यांची पत्नी जाक्लीन आणि लहान मुलगी ओब, चित्रकार विफ्रेदो लाम आणि त्यांची सहचरी हेलेना होल्झर, रशियन क्रांतीतून हद्दपार झालेले व्हिक्तोर सेर्ज, जर्मन लेखिका आना सेगर्स आणि तरुण मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस होते. एवढ्या माणसांसाठी जहाजात दोनच केबिन होत्या आणि दोन्ही मिळून सात बिछाने, असे लेव्ही-स्त्रोस यांनी नंतर नोंदवून ठेवले आहे. बाकीच्यांनी तळघरात पेंढ्याच्या गाद्यांवर प्रवास केला. मार्तिनिकला पोचल्यावर बहुतेकांची रवानगी लाझारे येथील छावणीत झाली.

यानंतरची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. छावणीतून शहरात जाण्याची मुभा मिळाल्यावर ब्रतों मुलीसाठी रिबीन घ्यायला एका दुकानात शिरले. तेथे ‘त्रोपीक’चा पहिला अंक त्यांच्या नजरेस पडला. दुकान रने मेनिल यांच्या बहिणीचे निघाले आणि तिच्या ओळखीने ब्रतों आधी मेनिल यांना व मग सेझेर यांना भेटले. पुढे ‘एक थोर कृष्णवर्णीय कवी’ या लेखात ब्रतों यांनी ही भेट रंगवून सांगितली आणि ‘वही’ला या काळातील सर्वश्रेष्ठ भावकाव्याचा मान दिला. हा लेख १९४४ साली ‘त्रोपीक’मध्ये आणि १९४७ साली पॅरिसच्या आवृत्तीची प्रस्तावना म्हणून छापला गेला.

गोष्ट खरी आहे आणि सुरेखही आहे. तिच्यामुळे झालेला गैरसमज मात्र टिकून राहिला आहे. युरोपातील मोठ्या लेखकाने दुकानात एका बेटावरच्या कवीचा ‘शोध’ लावला आणि मग जगाला त्याची माहिती झाली, असा तिचा सूर आहे. ब्रतों यांची कळकळ निःसंशय होती, पण तिच्यातही एक अढी होती. आज कोणा गोऱ्याला जमणार नाही अशी फ्रेंच हा काळा माणूस हाताळतो, अशा अर्थाचे त्यांचे वाक्य लीसे शोल्शेरचेच माजी विद्यार्थी फ्रांत्झ फानों यांनी १९५२ मध्ये नेमके उचलले. सेझेर मार्तिनिकचे आहेत आणि विद्यापीठात शिकलेले आहेत. त्यात अचंबा करण्यासारखे काय आहे, असा त्यांचा रोख होता. कौतुकाच्या पोटात आश्चर्य असेल तर ते कौतुक नीट तपासावे लागते, हे फानों यांचे म्हणणे मला पूर्ण पटते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची भेट ब्रतों यांची नव्हे, लाम यांची होती.

हवाना

विफ्रेदो लाम यांचा जन्म १९०२ साली क्युबातील साग्वा ला ग्रांदे येथे झाला. वडील कँटनहून आलेले चिनी, आई आफ्रिकी व स्पॅनिश वंशाची. १९२३ मध्ये ते चित्रकला शिकायला स्पेनला गेले, यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने राहिले, १९३८ मध्ये पॅरिसला पोचले आणि पिकासो यांच्या निकट आले. म्हणजे १९४१ साली लामही सुमारे अठरा वर्षांनंतर आपल्या बेटाकडे परतत होते. फोर-द-फ्रान्समध्ये हातात आलेली कविता ज्या अनुभवावर उभी होती, त्याच अनुभवातून ते स्वतः जात होते. मे महिन्यात ही मंडळी मार्तिनिकहून निघाली. ब्रतों न्यूयॉर्कला गेले, तर लाम हवानाला. युरोपात नाव कमावून आलेल्या लाम यांना हवानात जुनीच उपेक्षा पाहावी लागली. कृष्णवर्णीयांचे दारिद्र्य तसेच होते आणि त्यांचे देवधर्म पर्यटकांपुढे तमाशा म्हणून मांडले जात होते. १९४२-४३ मध्ये त्यांनी रंगवलेले ‘ला हुंग्ला’ (जंगल) हे भव्य चित्र, ज्यात उसाच्या दांड्यांतून माणूस, पशू आणि दैवते यांची मिश्र शरीरे उभी आहेत, ते याच काळातले आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते १९४५ साली विकत घेतले.

लाम यांनी कविता लिदिया काब्रेरा यांच्याकडे सोपवली. ही निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. काब्रेरा या हवानातील सधन, गोऱ्या कुटुंबातील होत्या. वडील राइमुंदो काब्रेरा हे लेखक आणि क्युबाच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते, तर बहिणीचे पती फेर्नांदो ओर्तिस हे आफ्रो-क्युबन संस्कृतीचे अग्रगण्य अभ्यासक. १९२७ पासून सुमारे दशकभर लिदिया पॅरिसमध्ये राहिल्या. क्युबातील कृष्णवर्णीयांच्या कथांवर आधारलेले त्यांचे पहिले पुस्तक १९३६ साली गालिमार या प्रकाशनाने काढले ते फ्रान्सिस द मिओमांद्र यांनी केलेल्या फ्रेंच भाषांतरात. मूळ स्पॅनिश पुस्तक हवानात १९४० मध्ये आले. म्हणजे आपले पुस्तक आधी परक्या भाषेत आणि चार वर्षांनी स्वतःच्या भाषेत, हा अनुभव भाषांतरकर्तीने आधीच घेतलेला होता. सेझेर यांच्या कवितेच्या वाट्याला १९४३ आणि १९४७ यांच्यामध्ये पुन्हा तेवढेच, चार वर्षांचे अंतर आले. क्युबन कथा पॅरिसमध्ये फ्रेंचमध्ये छापण्याचे काम काब्रेरा यांच्या बाबतीत पूर्ण झाले होते. आता फ्रेंच कविता क्युबात स्पॅनिशमध्ये आणण्याचे काम त्या करीत होत्या.

काब्रेरा यांना लाम यांचे काम जवळून ठाऊक होते. १९४२ मध्ये त्यांनी हवानाच्या ‘दियारिओ दे ला मारिना’ या दैनिकात त्यांच्यावर लिहिले, आणि त्यांच्या काही चित्रांना शीर्षके सुचवण्यातही त्यांचा वाटा होता. तेव्हा हे भाषांतर प्रकाशकाने नेमून दिलेले काम नव्हते. चित्रकार आणि कृष्णवर्णीयांच्या कथांची संग्राहिका यांच्यात जे बोलणे आधीपासून चालू होते, त्यात सेझेर यांची कविता येऊन मिसळली. १९४३ साली मोलिना या मुद्रणसंस्थेने छापलेले ‘रेतोर्नो आल पाईस नाताल’ हे पुस्तक या संवादाचे फलित होते. लाम यांच्या रेखाचित्रांतील आकृती त्यांच्या त्या वर्षांतील कॅनव्हासवरच्याच कुळातल्या आहेत. कवितेतील प्रसंगांची चित्रे काढून देण्याच्या फंदात ते पडले नाहीत. प्रस्तावना लिहिणारे पेरे तेव्हा मेक्सिकोत आश्रयाला होते. ते ब्रतों यांचे जुने सोबती, आणि त्यांच्या प्रस्तावनेमुळे पुस्तकावर अतिवास्तववादाचा शिक्का साहजिकच बसला. कवितेचा पहिला मसुदा ब्रतों यांची भेट होण्याआधीच छापला गेला होता, हे ध्यानात घेतले तर या शिक्क्याकडे थोडे सावधपणे पाहावे लागते.

वाहतूक एकाच दिशेने झाली नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये ‘त्रोपीक’ने काब्रेरा यांची एक कथा फ्रेंचमध्ये छापली. जानेवारी १९४५ च्या अंकात हैतीत असलेले फ्रेंच वैद्य आणि लेखक प्येर माबीय यांनी ‘ला हुंग्ला’ या चित्रावर लेख लिहिला. त्याआधी १९४४ मध्ये सेझेर दांपत्य हैतीला जाऊन काही महिने राहिले होते. मार्तिनिक, क्युबा आणि हैती या तीन बेटांच्या भाषा, सत्ता आणि इतिहास भिन्न असूनही काही काळ त्यांच्यात थेट देवाणघेवाण झाली. एरवी या बेटांवरच्या लेखकांना एकमेकांचे लेखन पॅरिस, माद्रिद किंवा न्यूयॉर्कमार्गे कळत असे. आपल्याकडेही फ्रेंच साहित्य बहुतांशी इंग्रजीमार्गेच येते, त्यामुळे मधल्या बंदराशिवाय झालेल्या या व्यवहाराचे मोल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

हे जमले कसे, याचे उत्तर आता देता येईल. पॅरिसचे दार बंद होणे ही आवश्यक अट होती, पण तेवढ्याने भागले नसते. युद्धाने अनेक लेखकांना अनेक बेटांवर आणून टाकले आणि त्यांतून काहीच निपजले नाही अशीही उदाहरणे आहेत. येथे कवितेची निकड स्वतःच्या परतीमुळे जाणणारा चित्रकार होता, दोन्ही भाषा जाणणारी आणि आफ्रिकी वारशाच्या सामग्रीवर दशकभर काम केलेली भाषांतरकर्ती होती, आणि दोघेही एकाच शहरात होते. यांपैकी कोणीही नवशिके नव्हते. आंतरराष्ट्रीय लेखक-कलावंतांच्या भेटीगाठींबद्दल बोलताना आपण भेटीलाच फार महत्त्व देतो; भेटणारा प्रत्येक जण आपापल्या घरून काय तयारी करून आला होता, हे बहुधा विचारत नाही.

न स्थिरावलेली संहिता

या प्रकरणाचा सर्वांत अवघड भाग पाठाचा, म्हणजे कवितेच्या बदलत गेलेल्या संहितेचा आहे. हवानातील भाषांतर १९३९ च्या पाठावर आधारलेले आहे. सेझेर यांच्यासाठी तो पाठ अंतिम नव्हता. एप्रिल १९४२ मध्ये, म्हणजे भाषांतर निघण्यापूर्वीच, त्यांनी ब्रतों यांना अर्पण केलेला एक मजकूर ‘त्रोपीक’मध्ये छापला आणि पुढे तो ‘वही’तच सामावून घेतला. जानेवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेंतानोज या प्रकाशनाने लायोनेल एबल आणि इव्हान गोल यांच्या इंग्रजी भाषांतरासह द्वैभाषिक आवृत्ती काढली. दोनच महिन्यांनी पॅरिसमध्ये बोर्दास यांची आवृत्ती आली आणि तिचा पाठ न्यूयॉर्कच्या पाठाहून वेगळा होता. १९५६ मध्ये ‘प्रेझांस आफ्रिकेन’ने काढलेल्या आवृत्तीसाठी सेझेर यांनी पुन्हा फेरफार केले, काही भाग गाळले, काही घातले. तोवर ते फोर-द-फ्रान्सचे महापौर आणि फ्रेंच संसदेचे सदस्य होते, मार्तिनिकला फ्रान्सचा प्रांत करणारा १९४६ चा कायदा त्यांच्या पुढाकाराने झाला होता, आणि १९५६ मध्येच त्यांनी फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचा राजीनामा दिला. या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ती शिबेनिकचे निमंत्रण देणारे पेतार गुबेरिना यांनी. जगभर शिकवली जाणारी आणि भाषांतरित होणारी ‘वही’ प्रामुख्याने या १९५६ च्या पाठाची आहे.

परिणाम असा, की १९४३ साली हवानातील वाचकाने स्पॅनिशमध्ये वाचलेली कविता आणि आजच्या वाचकाला मिळणारी कविता या एक नव्हेत. पहिली अधिक आखूड आहे. तिच्यातला परतीचा प्रवास अधिक एकसंध आहे. नंतरची वाढ तिच्यात ठळक राजकीय आणि अतिवास्तववादी थर घालते. कवी पुढे निघून गेला आणि भाषांतर मागे राहिले, असे म्हणून काब्रेरा यांचे काम बाजूला सारणे सोपे आहे आणि दीर्घकाळ तसेच झाले. १९६० मध्ये त्यांनी क्युबा सोडले, १९९१ मध्ये मायामीत त्यांचे निधन झाले, आणि त्यांची ओळख प्रामुख्याने आफ्रो-क्युबन धर्मपरंपरांवरील ‘एल मोंते’ या १९५४ च्या ग्रंथाची लेखिका म्हणून राहिली. ‘वही’ची पहिली पुस्तककर्ती म्हणून त्यांचे नाव सेझेर यांच्या चरित्रात बहुधा एका ओळीत येते, आणि ब्रतों यांच्या रिबिनीला परिच्छेद मिळतो.

२०१३ मध्ये ए. जेम्स आर्नल्ड आणि क्लेटन एशलमन यांनी १९३९ चा मूळ पाठ इंग्रजी भाषांतरासह अमेरिकेत प्रसिद्ध केला. पहिली ‘वही’ स्वतंत्रपणे वाचली पाहिजे, ती नंतरच्या आवृत्तींचा कच्चा खर्डा नाही, अशी भूमिका त्यामागे होती. इंग्रजी वाचकाला तेव्हा जे स्वतंत्र पुस्तक म्हणून मिळाले, ते हवानाच्या वाचकाला सत्तर वर्षांपूर्वी स्पॅनिशमध्ये मिळालेले होते. ‘वही’ कोणी फ्रेंचमधून मराठीत आणायला घेतली तर कोणता पाठ निवडायचा हा पहिला निर्णय त्याला करावा लागेल. माझा कौल १९३९ च्या पाठाला राहील, आणि तो निवडणाऱ्याने मूळ फ्रेंचबरोबर काब्रेरा यांचे स्पॅनिशही मेजावर ठेवावे, कारण त्या पाठाला सर्वप्रथम पुस्तकाचे रूप देणारे हेच काम आहे.